ताठ पाठीचे अप्पाराव

अप्पारावांच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यात मागं राहिली आणि ते तसेच पुढं चालत गेले. हातात दुधाची पिशवी, मान वर, छाती पुढं. एक पाय चपलेत, दुसरा डांबरावर. मागून मनकर्णाबाई येत होत्या. त्यांनी चप्पल उचलली, नवऱ्याच्या पाठीकडं जरा वेळ बघितलं आणि मग हाक मारली.

"अहो, थांबा. पायात काय हाय तुमच्या?"

अप्पारावांनी खाली बघितलं. "बंद ढिल्ला झाला असंल."

मनकर्णाबाईंनी बंद ओढून बघितला. "बंद तर चांगला घट हाय."

"मंग राह्यली असंल. चप्पलच हाय, लेकरू नाय हरवलं."

त्यांनी चप्पल पायात सरकवली. सरकवताना डावा पंजा नीट वर आला नाही, बोटं जमिनीला घासली. ते दोघांनीही बघितलं. मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं दोघांनाही तोंडपाठ होतं. पंजा उचलेनासा झाला, पाय फरफटायला लागला, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर पडली, तर एक दिवसही थांबायचं नाही. तडक यायचं. मग ऑपरेशन. उशीर केला तर ऑपरेशन करूनही गेलेला पाय परत येईलच असं नाही.

घराच्या दारात अप्पाराव हळूच म्हणाले, "विशाखाला सांगू नको."

अप्पाराव हिवराळे मूळचे करमाडच्या पलीकडल्या एका खेड्यातले. शेंद्र्याच्या कारखान्यात गेटवर सिक्युरिटीत होते. तिथून निवृत्त झाल्यावर शहरात, गारखेड्याच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत मनकर्णाबाई, लेक विशाखा आणि ते. गेटवर त्यांना खुर्ची होती, पण त्यांना खुर्चीत बसलेलं फार कमी लोकांनी पाहिलंय. साहेबाची गाडी येवो नाहीतर भंगारवाल्याचा टेम्पो, हा माणूस आपला सरळ उभा. वस्तीत समता सैनिक दलाची कवायत तेच घ्यायचे. पांढरा शर्ट, निळी टोपी. त्यांनी "सावधान" म्हटलं की पोरांच्याच काय, बाजूच्या पानटपरीवर टेकलेल्या गिऱ्हाइकांच्याही पाठी सरळ व्हायच्या.

ही पाठ त्यांनी कमावलेली होती. त्यांचा आजा, कान्हू हिवराळे, त्यांनी लहानपणी पाहिलेला. गावातल्या वस्तीनं धम्म घेतला, घरातले देव गेले, बापाचं बोलणं बदललं, पण आज्याची पाठ काही बदलली नाही. पाटलाचा ओटा जवळ आला की ती आपोआप खाली जायची. दोन्ही हात पोटाशी यायचे, मान खांद्यात जायची, आणि म्हातारा गल्लीच्या कडंकडंनं तसाच सरकत राहायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. ओट्यावर कधीकधी कुणी बसलेलंही नसायचं. बापाला ते बघवत नव्हतं. म्हणून बाप रोज सकाळी शाळेत निघालेल्या अप्पाच्या पाठीवर तळहात दाबायचा. "सरळ. अजून सरळ. ह्या गावातून चालशील तं आसं." त्या तळव्याची सवय झाली आणि नंतर तळव्याची गरजच उरली नाही.

साठी ओलांडल्यावर ह्याच पाठीनं दगा द्यायला सुरुवात केली. घरून चौकापर्यंत जाईस्तोवर दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, मांड्यांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं. कुठं टेकलं, बसलं, की थोड्या वेळात सगळं ओसरायचं. पुन्हा चालायला लागलं की पुन्हा तेच. तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. डॉक्टरांनी बोटांची नळी करून दाखवली. "मणक्यातून नसा जातात ना, ती वाट कमरेपाशी अरुंद झालीय. वयानं होतं. तुम्ही ताठ उभे राहिलात किंवा मागं वाकलात की ती आणखी आवळते. पुढं झुकलात की जरा मोकळी होते. लगेच चिरफाड नको. आधी व्यायाम. शिकून घ्या, रोज करा. बऱ्याच जणांचं त्यावर भागतं."

व्यायाम म्हटल्यावर अप्पारावांना हायसं वाटलं. व्यायामात तर आयुष्य गेलेलं.

व्यायाम शिकवणारी बाई गारखेड्यातच होती, आपल्या बापाच्या बंगल्यात खालच्या मजल्यावर. पाटीवर नाव होतं स्वराली वैजापूरकर. अप्पारावांनी पाटी वाचली आणि आत गेले. पोरगी विशाखाच्याच वयाची, हसतमुख. तिनं त्यांना ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं.

"काका, किती ताठ चालता. मिलिटरीत होता का?"

"दलात हाय," अप्पाराव म्हणाले.

तिला ते उमगलं नसावं. ती म्हणाली, "हे ताठ चालणंच जरा सोडायला हवं. खांदे सैल सोडा, थोडं पुढं वाकून चालून बघा. हे बघा, असं." आणि तिनं करून दाखवलं. मान खाली, पाठ वाकलेली, हात पोटाशी. खोलीच्या कडेनं ती दोन पावलं चालली.

अप्पाराव तिच्याकडं बघतच राहिले. मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाहेर पडले. ती पाठीमागून "काका, काका" करत दारापर्यंत आली. त्यांनी वळून बघितलं नाही.

घरी त्यांनी सांगितलं, "बाई काही कामाची नाय." तेवढंच.

इलाज मग कडूबानं दिला. कडूबा त्यांच्याच कारखान्यातला, आता सकाळी बागेत सतरंजी टाकून आसनं करणारा. त्याची मणक्याची गादी सरकली होती आणि बरी झाली होती, त्यामुळं कमरेच्या बाबतीत तो कुणालाच मोजत नव्हता.

"आप्पा, पालथा पड आन् छाती उचल. नागोबावाणी. मान पार मागं. म्या एवढंच केलं आन् मोकळा झालो."

"माझं दुखणं वायलं हाय म्हंत्यात."

"हौ, वायलं. कंबर तर कंबरच हाय ना? दोन दोन कंबरा हायेत का तुला?"

अप्पारावांना हा व्यायाम मनापासून पटला. ह्यात छाती वर होती. सकाळी आणि सांजच्याला ते सतरंजीवर पालथे पडायचे, हातावर जोर देऊन पाठ मागं टाकायचे. टाकली की कमरेतून एक झिणझिणी निघायची आणि डाव्या टाचेपर्यंत करंट गेल्यासारखी जायची. मनकर्णाबाईंनी एकदा विचारलंही, "कण्हता कामून?"

"दुखतंय म्हंजे लागू पडतंय," ते म्हणाले.

असे ते पडत राहिले, छाती उचलत राहिले आणि एका सकाळी दुधाच्या वाटेवर चप्पल मागं राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी विहाराशेजारच्या मैदानावर कवायत होती. जयंती महिन्यावर आली होती. पोरं, पोरी, चार-दोन उतारवयाची माणसं रांगेत उभी होती. विशाखा बायांच्या तुकडीपुढं होती. शाळेत शिकवून ती तशीच आली होती, खांद्याला अजून पर्स. अप्पाराव सगळ्यांसमोर उभे राहिले.

"दल, सावधान."

टाचा जुळल्या. अप्पाराव रांगेवरून नजर फिरवत राहिले आणि त्यांच्या पोटऱ्यांत मुंग्या भरायला लागल्या. नेहमीपेक्षा लवकर. घाम कानामागून गळ्यात उतरला. "विश्राम" म्हणावं आणि कुठंतरी टेकावं असं वाटत होतं. पण रांगेत मागं कुणी हसत होतं, ते थांबेपर्यंत त्यांना तोंड उघडायचं नव्हतं.

"आगे बढ."

कवायतीत पहिलं पाऊल डावं. अप्पाराव पुढं, मागं रांगा. त्यांचा डावा पाय उचलला, पण पंजा वर आलाच नाही. सगळा तळवा एकदम जमिनीवर आपटला. फट्ट. उजवा बरोबर पडला. मग पुन्हा फट्ट. मागची पोरं त्यांच्या पावलावर पाऊल धरत होती, त्यांना वाटलं आप्पांनी ठेका बदलला, आणि एकेक करून तीही पाय आपटायला लागली. सगळी रांग फट्ट फट्ट करत निघाली. विशाखाला पहिल्यांदा गंमत वाटली. मग तिची नजर बापाच्या पायाकडं गेली.

मैदानाच्या वळणावर डाव्या पंजाची बोटं खड्ड्यात अडकली आणि अप्पाराव तोंडावर जाता जाता हातांवर पडले. हात आणि गुडघे जमिनीला, पाठ वाकलेली, मान खाली. पोरं थांबली. कुणी पुढं झालं नाही, कारण आप्पांना उठवायला हात द्यायचा की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि त्या तसल्या अवस्थेत, सगळ्या दलाच्या डोळ्यांदेखत, अप्पारावांच्या पोटऱ्या शांत झाल्या. मुंग्या गेल्या, शिसं उतरलं. ते तसेच राहिले. उठलं की पुन्हा दुखणार हे त्यांना नीट कळलं होतं.

"आप्पा," विशाखा जवळ येऊन बसली. "कधीपासून?"

"उठव मला."

"आधी सांगा कधीपासून."

"उठव म्हणलं ना."

घरी विशाखानं आईला विचारलं. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं न बघता सकाळची चप्पल सांगून टाकली. नागोबाचा व्यायामही सांगितला, करंटही सांगितला.

विशाखा बापापुढं जाऊन बसली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी मागं वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? आणि तुमी दोन वेळा पाठ मागं टाकता. पंजा गेला तर परत येत नाही आप्पा. मग कसले उभे राहता?"

"मंग काय करू? त्या वैजापूरकरच्या पोरीपुढं वाकून चालू?" अप्पारावांचा आवाज चढला. "तिनं चालून दाखवलं मला. आसं. हात पोटाशी घिऊन. कान्हू हिवराळ्याला पाह्यलं नाय तुमी. म्या पाह्यलंय. आन् आज वरच्या जातवाल्यांच्या घरात त्यांचीच पोरगी मला तसं चालायला सांगती. मेलो तरी बेहत्तर, तसं चालनार नाय."

दलात विशाखा पोरींना हेच तर शिकवत आली होती.

मनकर्णाबाई कोपऱ्यात भांडी विसळत होत्या. खाली मोरीत, दोन पायांवर बसून, पाठ वाकवून. त्या तशाच बोलल्या.

"वाकायचं नाय म्हंता. ह्या घरात मोरी खाली, झाडू बुटका, चूल होती तवा चूलबी खाली. लग्न करून आले तवापासून वाकूनच हाय मी. कुणाच्या ओट्यापुढं नाय, ह्या मोरीपुढं. तुमच्या दलाची समदी कापडं वाकूनच धुतली. ते कधी दिसलं नाय तुमाला."

"ते वायलं," अप्पाराव म्हणाले.

"हा. कडूबाच्या कंबरेवाणी."

विशाखाला हसू आलं आणि तिनं तोंड फिरवलं. मनकर्णाबाईंनी हात पुसले, नवऱ्यापुढं येऊन बसल्या आणि त्यांच्या डाव्या पंजावर आपला तळवा ठेवला.

"उचला."

अप्पारावांनी उचलला. मनकर्णाबाईंनी नुसता हात दाबला आणि पंजा खाली गेला. उजव्याला तसंच केलं, तर उजव्यानं त्यांचा हात वर फेकला. त्या उठल्या. दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "सकाळी पहिल्या नंबरला जायाचं. मी काय इचारत नाय, सांगती."

सकाळी डॉक्टरांनी तोच खेळ केला. टाचेवर चालायला लावलं, अंगठा दाबून बघितला, पायाला टाचणी टोचून विचारलं. विशाखा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. डॉक्टर म्हणाले, "ताकद कमी झालीय, पण गेलेली नाही. ते पालथं पडून पाठ उचलणं आजपासून बंद. तुमच्या आजारात तो उलटा व्यायाम आहे. ज्यांना तो चालतो त्यांचं दुखणं वेगळं असतं. तीन आठवडे देतो, योग्य व्यायाम, रोज. मध्ये पाय आणखी पडला किंवा लघवीचं काही झालं, तर तुम्हाला विचारणार नाही, टेबलावर घेईन."

"तीन आठवड्यांनी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पाय सांगेल."

मनकर्णाबाईंनी दुसरा रस्ता धरूच दिला नाही; तिघं तिथून थेट स्वरालीकडं गेली. अप्पाराव दारात थांबले. स्वरालीनं त्यांना ओळखलं.

"काका, त्या दिवशी तुम्ही तसेच गेलात. माझं काही चुकलं का?"

अप्पारावांनी आत जाऊन खुर्चीत बसून सांगितलं. गाव, ओटा, आजा. कान्हू हिवराळ्याचे हात कुठं असायचे तेही. आवाज चढवला नाही. स्वराली उभीच होती. तिचे हात नकळत पोटाशी आले होते, ते तिनं सोडून बाजूला केले.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग खाली गादी अंथरली आणि म्हणाली, "आपण उभ्यानं काही करूच नको. चालणं नंतर बघू. तुम्ही झोपा."

"झोपून?"

"झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. काम तेच होतं."

अप्पाराव गादीवर उताणे झाले. एक गुडघा दोन्ही हातांनी धरून छातीकडं, मग दुसरा, मग दोन्ही. कंबर गादीला चिकटवून पोट आत ओढायचं आणि श्वास न कोंडता धरायचं. खुर्चीत बसून हात हळूहळू जमिनीकडं सोडायचे. बसल्या बसल्या टाच टेकवून पंजा उचलायचा, जमेल तेवढा. कोपऱ्यात एक जागची सायकल होती. तिच्यावर हँडलला रेलून पाय मारायचे. अप्पारावांनी पाय मारले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की पोटऱ्या भरल्या नाहीत.

"ह्यानं नळी रुंद हुती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नळी आहे तशीच राहणार. नसांवरचा ताण कमी होतो, पोटाचे आणि कमरेचे स्नायू भार उचलायला शिकतात. चालणं वाढतं. पण सोडलं की गेलं."

पुढचे आठवडे त्या दोन खोल्यांनी जीव मुठीत धरून काढले. सकाळी अप्पाराव गुडघे छातीशी घेऊन सतरंजीवर पडलेले असायचे आणि मनकर्णाबाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "लघवी साफ झाली का?" विचारायच्या अशा आवाजात, की पलीकडच्या घरातल्या तनुजानं एकदा खिडकीतून सांगितलं, "मावशी, आमच्याकडं समद्यांची झाली." अप्पाराव ओठ दाबून पडून राहायचे. मग पंजाची परीक्षा. तळवा ठेवायचा, उचला म्हणायचं. काही दिवस पंजा तसाच खाली जायचा. एखाद्या दिवशी जरा धरल्यासारखा वाटायचा, आणि तो खरंच धरला की आपल्यालाच धरावासा वाटला, हे मनकर्णाबाईंना ठरवता यायचं नाही. त्या ते कुणाला सांगायच्या नाहीत.

एका सकाळी अप्पाराव पाटावर बसून विशाखाची जुनी सायकल पुसत होते. उठायला गेले तर डाव्या मांडीचा बैठकीजवळचा भाग मुका पडलेला. त्यांनी चिमटा काढला. काही नाही. पुन्हा काढला. "मनकर्णे," एवढंच म्हणाले. मनकर्णाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि कोपऱ्यावरची रिक्षा बोलवायला गेल्या. रिक्षा दारात आली, विशाखानं फाइल काढली, पिशवीत टॉवेल, चादर भरली. अप्पाराव भिंत धरून उभे होते. तेवढ्यात मांडीत बारीक बारीक टोचायला लागलं, मग आग झाली आणि मग चिमटा कळला. पाटाची कड मांडीत रुतली होती. विशाखानं तरी डॉक्टरांना फोन लावलाच. त्यांनी नीट चौकशी केली आणि पुन्हा तसं झालं तर लगेच आणा म्हणाले. मनकर्णाबाई उंबऱ्यात बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"पाट चुलीत घाला तो," त्या म्हणाल्या.

"चूल कुठंय आता?" अप्पाराव म्हणाले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पंजा हातात घेतला. खोलीत चौघं होती आणि चौघांच्याही नजरा त्या पायावर. "उचला. आता मी दाबणार, तुम्ही धरून ठेवायचं." त्यांनी दाबलं. पंजा थरथरला, बोटं कडक झाली, अप्पारावांच्या मानेची शीर फुगली. डॉक्टरांनी आणखी दाबलं. पंजा थोडा खाली आला आणि तिथंच थांबला.

"बरं आहे," डॉक्टर म्हणाले. "मागच्यापेक्षा नक्की बरं. पूर्ण नाही, पण उतरणीला नाही. ऑपरेशनचं आत्ता नाव काढत नाही. व्यायाम सोडलात तर मात्र पुन्हा ह्याच खुर्चीत भेटू."

अप्पारावांनी पायमोजा चढवला. "जयंतीला उभं ऱ्हाऊ का?"

"थोडा वेळ. पाय भरायला लागले की बसायचं. भरू द्यायची वाट बघायची नाही."

जयंतीच्या सकाळी दलाचे हुकूम विशाखानं दिले. अप्पाराव पहिल्या रांगेच्या टोकाला होते. पांढरा शर्ट, निळी टोपी, शर्टाच्या आत पोट आवळलेलं, गुडघे किंचित सैल. विशाखानं "सावधान" म्हटलं तशी त्यांची पाठ सवयीनं मागं जायला लागली, ती त्यांनी मध्येच थांबवली. भाषण लांबत गेलं. पोटऱ्यांत पहिली मुंगी चालली. अप्पारावांनी आणखी थोडा वेळ काढावा की काढू नये, असा विचार केला. रांगेच्या मागं मनकर्णाबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचं भाषणाकडं अजिबात लक्ष नव्हतं.

अप्पारावांनी एक पाऊल मागं घेतलं आणि खुर्चीत बसले. कोपरं गुडघ्यांवर टेकवली, मान खाली सोडली, पाठीची सगळी कमान पुढं केली. वस्तीतला सर्जेराव शेजारच्या रांगेतून खाली वाकून कुजबुजला, "काय आप्पा, एवढ्यात दमला?"

"इलाज चालू हाय," अप्पाराव तसेच वाकून म्हणाले. "समोर बघ तू."

थोड्या वेळानं पाय रिकामे झाले. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, टोपी सारखी केली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.